गेममधली बंदूक आणि घरातला राग



बचत गटाची बैठक आटोपत आली, हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की हल्ली एक विषय हमखास निघतो. "पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं. नुसती ठायठाय आणि मारामारी. जेवायला हाक मारली तर अंगावर येतं. त्या गेमनंच त्याचं डोकं फिरवलंय." आमच्याकडे कार्यक्रमासाठी जे प्रश्न येतात, त्यांतही हा असतोच. गोळ्या झाडायचे गेम खेळून मुलं खरोखर मारकुटी होतात का?

आज याच प्रश्नावर बोलू. जगभरातले अभ्यासक गेली ४० वर्षं यावर डोकं लढवत आहेत, आणि त्यांचे आपसात वादही झाले आहेत. तरी आज हाती काय आहे ते आधीच सांगून टाकतो. गेममध्ये बंदूक चालवली म्हणून मुलगा पुढे खऱ्या आयुष्यात कुणाच्या जिवावर उठतो, याला पुरावा मिळालेला नाही. खेळून उठल्यावर चिडचिड, आरडाओरडा, ढकलाढकली थोडी वाढू शकते. पण तो परिणाम लहान आहे, आणि त्या चिडचिडीचं कारण बरेचदा गोळीबार सोडून भलतंच असतं. ते कारण ओळखता आलं तर आपल्या हातात करण्यासारखं पुष्कळ आहे.

मुलगा नेमकं काय खेळतो?

सगळे गेम एका माळेचे मणी नाहीत. गोळ्या जुळवायचा कँडी क्रश आहे, लुडो आहे, पळत सुटायचा टेम्पल रन आहे, क्रिकेट आहे. आपल्यातल्याही कितीतरी जणी दुपारी घटकाभर लुडो खेळतात. ज्याची आपल्याला धास्ती वाटते तो प्रकार वेगळा. पबजी, त्याचाच पुढचा अवतार बीजीएमआय, आणि फ्री फायर.

हा खेळ असा असतो. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. प्रत्येक जण आपापल्या घरी बसून आपापल्या मोबाईलवर खेळत असतो. बेटावरच्या घरांतून बंदुका, औषधं, चिलखतं गोळा करायची आणि समोर येईल त्याला टिपायचं. खेळायची जागा हळूहळू आवळत जाते, आणि शेवटी जो खेळाडू किंवा जी टोळी उरेल ती जिंकते. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. फ्री फायरमध्ये खेळाडू साधारण ५० आणि डाव त्याहून छोटा.

यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. हा डाव मध्येच थांबवता येत नाही. त्या वेळी जगाच्या पाठीवर इतर सगळे खेळतच असतात. बरं, मुलगा बहुधा चौघांच्या टोळीत असतो. तो उठला तर टोळीतली पोरं हरतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्यालाच बोल लावतात. कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराला मैदानाबाहेरून हाक मारून घरी न्यावं, तसं त्याला वाटतं. आपल्याला तो कोपऱ्यात एकटा बसलेला दिसतो. त्याच्या लेखी तो चौघांच्या संघात उभा असतो. म्हणून लगेच त्याचं ओरडणं बरोबर ठरत नाही. पण ते येतं कुठून, हे मात्र कळतं.

भीती आली कुठून?

ही काळजी पबजीपासूनची नाही. अमेरिकेत १९७६ साली 'डेथ रेस' नावाचं खेळाचं यंत्र आलं. नाणं टाकायचं आणि पडद्यावरच्या ठिपक्याठिपक्यांच्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या. तेव्हाच लोकांनी ओरड केली. पुढे १९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' हा रक्त उडवणारा मारामारीचा गेम आला. १९९३ साली अमेरिकेच्या संसदेत त्यावर सुनावणी झाली, आणि १९९४ पासून तिथे गेमच्या खोक्यावर वयाचा शिक्का छापायला सुरुवात झाली.

मग २० एप्रिल १९९९ चा दिवस उजाडला. कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बंदुका आणून १२ मुलांना आणि एका शिक्षकाला ठार केलं, आणि शेवटी स्वतःलाही संपवलं. ती दोन मुलं 'डूम' नावाचा गोळीबाराचा गेम खेळायची, हे बाहेर आलं. सगळीकडे एकच बोलबाला झाला, की गेमनं पोरांना खुनी केलं.

पण मैत्रिणींनो, जरा थांबून विचार करू. गावात कावीळ पसरली आणि आजारी पडलेल्या सगळ्यांनी सकाळी चहा घेतला होता असं कळलं, तर चहामुळे कावीळ झाली असं आपण म्हणू का? चहा तर धडधाकट माणसांनीही घेतलेला असतो. आपण पाणी कुठून आलं ते बघू. तसंच हे आहे. त्या काळी अमेरिकेतली लाखो पोरं असे गेम खेळत होती. एखाद्या गुन्हेगार मुलाच्या घरी गेम सापडणं म्हणजे त्याच्या घरी चहाची कपबशी सापडण्यासारखंच.

अमेरिकेच्या सरकारनं या प्रकरणानंतर नीट तपास करून घेतला. १९७४ ते २००० या काळात तिथल्या शाळांमध्ये झालेले ३७ हल्ले आणि ते करणारी ४१ मुलं, या सगळ्यांची कागदपत्रं तपासली. २००२ साली अहवाल आला. मारामारीच्या गेममध्ये रस असलेली मुलं निघाली १२ टक्के, म्हणजे साधारण आठांत एक. पण ज्यांना आधी छळलं, चिडवलं, धमकावलं किंवा मारलं गेलं होतं अशी मुलं होती ७१ टक्के. आणि दहांतल्या आठ प्रकरणांत मुलाच्या मनात काय शिजतंय ते आधीच कुणाला तरी, बहुधा मित्राला, माहीत होतं. सगळे गेमकडे बोट दाखवत होते. खरी खूण मुलाच्या रोजच्या जगण्यात होती, आणि ती कुणी वाचली नाही.

राग मोजायचा कसा?

दुधातली स्निग्धता मोजायला डेअरीत यंत्र असतं. राग मोजायला असं यंत्र नाही. म्हणून अभ्यासकांनी नाना युक्त्या काढल्या.

सगळ्यात गाजलेला प्रयोग अल्बर्ट बांडुरा यांचा, १९६१ सालचा. त्यांनी बालवाडीच्या वयाची ७२ मुलं घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बुक्के मारले, हातोडीनं बडवलं. नंतर ती मुलं खेळायला सोडली, तर त्यांनीही बाहुल्याला तसंच बडवलं. पुढच्या प्रयोगात पडद्यावरची मारहाण पाहूनही मुलांनी नक्कल केली. त्यावरून टीव्हीची आणि पुढे गेमची काळजी वाढली. यावर एक आक्षेपही घेतला गेला. तो बाहुला पाडला तरी पुन्हा उभा राहणारा, मारायसाठीच बनवलेला. बाहुल्याला मारणं आणि हाडामांसाच्या माणसाला मारणं यांत फरक आहे.

गेमच्या बाबतीत कधी खेळणाऱ्याला सांगितलं गेलं की समोरच्याच्या कानात मोठा आवाज सोडायचा आहे, किती मोठा ते तू ठरव. कधी विचारलं, समोरच्याला तिखट आवडत नाही, त्याच्या वाटीत तिखट किती घालशील? जास्त तिखट घालणारा जास्त चिडलेला, असा हिशेब. यातल्या काही प्रयोगांत मारामारीचा गेम खेळलेल्यांनी थोडा जास्त आवाज सोडला, थोडं जास्त तिखट घातलं. त्यावरून मोठमोठे मथळे छापून आले. पण जास्त तिखट वाढणं आणि कुणाचं डोकं फोडणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मथळ्यात कुणी लिहिलं नाही.

कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये याच तिखटाच्या युक्तीनं एक बारीक गोष्ट शोधली. त्यांनी मारामारीचा गेम आणि साध्या शर्यतीचा गेम असे दोन घेतले, पण दोन्हींत चुरस सारखीच असेल हे पाहिलं. मग तिखटात काही फरक पडला नाही. जिथे चुरस जास्त, तिथे तिखट जास्त पडलं. गेममध्ये मारामारी होती की मोटारी होत्या, यानं फारसं काही बदललं नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत किंवा कुस्तीच्या फडात हरल्यावर लोक हमरीतुमरीवर येतात, ते आठवून पाहा.

मोठे अभ्यास काय सांगतात?

दोन्ही बाजू सांगायला हव्यात. २०१८ साली २४ जुन्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. त्यांत ९ ते १९ वयाची १७ हजारांहून जास्त मुलं होती. मारामारीचे गेम जास्त खेळणाऱ्यांमध्ये काही काळानं हाणामारी थोडी वाढलेली दिसली. म्हणजे संबंध अगदीच शून्य आहे असं नाही. पण तो छोटा होता.

दुसऱ्या बाजूला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ साली एक काम केलं. १४-१५ वर्षांची १००४ मुलं-मुली घेतली. त्यांनी महिन्याभरात कोणते गेम खेळले ते विचारलं, आणि त्या गेममध्ये मारामारी किती हे सरकारमान्य शिक्क्यावरून ठरवलं. मुलाचं वागणं कसं आहे ते मात्र त्याच्या आईवडिलांना किंवा सांभाळणाऱ्यांना विचारलं. आपण काय मोजणार आणि कसं मोजणार हे त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, म्हणजे नंतर हवा तसा अर्थ काढायला वाव राहू नये. मारामारीचे गेम खेळणं आणि मारकुटं वागणं यांत त्यांना संबंध सापडला नाही.

जर्मनीत ७७ मोठ्या माणसांवर दोन महिने प्रयोग झाला. काहींना रोज 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा मारधाडीचा गेम खेळायला दिला, काहींना घर-संसार सांभाळायचा 'सिम्स' नावाचा गेम दिला, काहींना काहीच दिलं नाही. दोन महिन्यांनी, आणि आणखी दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. राग, दुसऱ्याबद्दलची कणव, स्वतःवरचा ताबा, यांपैकी कशातच टिकाऊ फरक आढळला नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना २०१५ साली म्हणाली होती की असे गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आहे. २०२० मध्ये त्यांनी आपलं म्हणणं आणखी स्पष्ट केलं. ओरडणं, ढकलणं अशा गोष्टींशी छोटा संबंध दिसतो. पण खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. आणि तसं फोडलं तर हिंसेच्या खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होतं, असंही त्यांनी बजावलं. त्याआधी २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, लहान मुलांना असे गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. दाखवलेले अभ्यास गेममुळेच मुलं आक्रमक होतात हे सिद्ध करत नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

एक साधा ताळाही करून पाहता येतो. जपान आणि दक्षिण कोरियात घरोघरी गेम खेळले जातात. पण खुनांचं प्रमाण तिथे जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांत मोडतं. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची बरीच वर्षं गेम वाढत गेले आणि तरुण मुलांचे हिंसक गुन्हे कमी होत गेले. गेम खेळल्यामुळे गुन्हे कमी झाले असंही म्हणायचं कारण नाही. पण गेमच माणसाला खुनी करत असता तर हा हिशेब उलटा दिसायला हवा होता.

मग घरातली चिडचिड कशाची?

आता कुणी म्हणेल, "अहो, अभ्यासक काहीही म्हणोत, माझं पोरगं फोन काढून घेतला की भांडी आपटतं, ते मी डोळ्यांनी बघते." तुमचं बघणं खोटं नाही. राग खराच आहे. तो कुठून आलाय ते शोधू.

पहिलं कारण, हरणं आणि न जमणं. ऑक्सफर्ड आणि अमेरिकेतलं रॉचेस्टर अशा दोन विद्यापीठांच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये 'टेट्रिस' घेतला. हा नुसते चौकोन-ठोकळे रचायचा खेळ, त्यात बंदूक नाही की रक्त नाही. काही जणांना त्यांनी मुद्दाम न जमणारा अवघड टेट्रिस दिला. खेळ झाल्यावर विचारलं, पुढच्या माणसाला बर्फाच्या पाण्यात किती वेळ हात ठेवायला लावायचा? ज्यांना खेळ जमला नव्हता त्यांनी सरासरी १० सेकंद जास्त सांगितले. ठोकळे रचतानाही डोकं तापतं, ते असं.

दुसरं कारण, डाव मोडणं. ते वर सांगितलंच. तिसरं, झोप. रात्री एक-दोनपर्यंत पांघरुणात फोन चालू असेल तर सकाळी पोरगं करवादणारच. मोठी माणसंही अपुऱ्या झोपेनं चिडतात. चौथं, शिव्या. बरेच गेम खेळताना कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांशी बोलता येतं. समोरचा कोण, किती वर्षांचा, आपल्याला ठाऊक नसतं. आईबहिणीवरून शिव्या, जातीवरून टोमणे, मुलगी असेल तर घाणेरडं बोलणं, हे सगळं तिथे चालतं. गोळीबारापेक्षा याची काळजी जास्त करायला हवी.

पाचवं कारण सगळ्यात अवघड. कधीकधी गेम हे दुखण्याचं मूळ नसतं, लपायची जागा असते. शाळेत कुणी छळत असेल, अभ्यास डोक्यावरून जात असेल, दहावीनंतर पुढे काय हे कळत नसेल, घरात रोज भांडण असेल, तर मुलगा फोनमध्ये शिरतो. तिथे निदान त्याला काहीतरी जमतं, कुणीतरी "शाब्बास" म्हणतं. अशा वेळी नुसता फोन काढून घेतला तर दुखणं आहे तिथेच राहतं, आणि लपायची जागाही जाते.

मारायला शिकवतं कोण?

बांडुरांच्या त्या मुलांनी पहिल्यांदा कुणाची नक्कल केली होती? समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाची. घरात मारहाण पाहत वाढलेल्या मुलांमध्ये पुढे मारण्याची किंवा मार सोसत राहण्याची शक्यता जास्त असते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सगळीच मुलं तशी होत नाहीत, कितीतरी मुलं बापाचा अनुभव घेऊन बरोबर उलटं वागतात. तरी धोका खरा आहे. आपल्या देशात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी सुमारे तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. या घरांत मुलं आहेत. ती बघत असतात.

आम्ही हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही, आणि मार सोसणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. पण "गेमनं पोरगं बिघडवलं" असं म्हणून आपण सगळे मोकळे होतो, तेव्हा घरातल्या, शाळेतल्या, गावातल्या मारहाणीची चर्चा राहूनच जाते. मारामारीचा गेम खेळतो म्हणून पोराच्या थोबाडीत ठेवून दिली, तर त्याला त्यातून काय समजतं? जो मोठा त्यानं मारायचं, एवढंच.

पैशाचा खेळ निराळा

सरकारी बंदीबद्दलही गैरसमज आहेत. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी पबजी खेळायला बंदी केली, काही तरुणांना अटकही झाली. पण २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं पबजीसह ११८ ॲप बंद केली ती मारामारीमुळे नव्हे. कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांची माहिती बाहेर जाण्याचं.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही मात्र वेगळीच गोष्ट. रमी असो की आणखी काही, त्यात घरंच्या घरं बुडतात. कर्ज होतं, चोरी होते, मग भांडणं आणि मारहाण. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं असे पैशाचे ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा केला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे. तरी चोरवाटांनी असे खेळ येत राहतात. आणि साध्या गेममध्येही नवी बंदूक, नवे कपडे विकत घ्यायला पैसे लागतात. म्हणून घरच्या फोनवर यूपीआय असेल तर त्याचा पिन मुलांना सांगू नका. गटाच्या हप्त्याचे पैसे ज्या खात्यात आहेत ते खातं त्या फोनला जोडलेलं असेल तर दुप्पट सावध राहा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार करा.

व्यसन कधी म्हणायचं?

जास्त खेळतो म्हणजे व्यसनी झाला, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली गेमच्या आजाराला मान्यता दिली, ती लागू झाली १ जानेवारी २०२२ पासून. त्याच्या तीन खुणा आहेत. एक, खेळणं सुरू कधी करायचं, थांबवायचं कधी, यावर ताबाच राहत नाही. दोन, खाणंपिणं, शाळा, मित्र, काम, सगळ्याच्या आधी गेम येतो. तीन, नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, नाहीतर वाढतं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. सुट्टीत पंधरा दिवस खेळलेलं पोरगं यात मोडत नाही. पण शाळा सुटली, माणसांत येणं बंद झालं, अंगाला पाणी लावायचंही भान राहिलं नाही, असं दिसलं तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आपल्याला काय करता येईल?

नियम भांडणाच्या वेळी करू नका. सगळे शांत असताना मुलाला सोबत बसवून करा. "एक तास" असं न ठरवता "दोन डाव" असं ठरवा, म्हणजे मध्येच उठवायची वेळ येत नाही. जेवायला वाढण्याआधी सांगा, "हा शेवटचा डाव, मग ताट." हातातून फोन हिसकावू नका.

रात्री घरातले सगळे फोन एका जागी, झोपायच्या खोलीपासून लांब चार्जिंगला लावा. सगळे म्हणजे वडिलांचाही. बाप अंथरुणात रील बघत असेल तर पोरगं नियम कशाला पाळेल?

गेम घेताना नावाखाली वयाचा आकडा असतो, ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा. तो बघा. आठ वर्षांच्या मुलाला १६ वरचा गेम नको. आपल्याला वाचता येत नसेल तर लेकीला नाहीतर आशाताईंना विचारा. अनोळखी माणसांशी बोलायची सोय बंद करता येते, तीही करून घ्या.

कधीतरी शेजारी बसा. "हे काय आहे रे, मला दाखव" म्हणा. तो आनंदानं दाखवेल, आणि कुणाशी खेळतो, काय ऐकतो, ते तुम्हाला कळेल. ज्या मुलाला आपली आई ऐकते असं वाटतं, तो संकटही आधी तिलाच सांगतो. त्या अमेरिकी अहवालातल्या मित्रांना जे माहीत होतं, ते आपल्याला वेळेवर कळायला हवं.

आणि एक विनंती. मुलगा तीन तास खेळतो ते खपतं, मुलीच्या हातात फोन दिसला की तिच्यावर संशय, असं करू नका. खेळायचा वेळ आणि घरातलं काम दोघांनाही सारखं वाटून द्या. मुलाला भाकरी थापता आली, गोठा झाडता आला, तर गेममध्ये जाणारा वेळही आपसूक कमी होतो.

पुढच्या बैठकीत गटानं एवढं करून पाहा. प्रत्येकीनं सांगायचं, माझं मूल शेवटचं कधी चिडलं, आणि त्याच्या आधीच्या तासाभरात काय काय घडलं होतं. डाव मोडला होता का, उपाशी होतं का, झोप झाली होती का, घरात भांडण झालं होतं का, शाळेत कुणी काही बोललं होतं का. सगळ्यांचं ऐकून झालं की किती वेळा कारण नुसत्या बंदुकीचं होतं, ते मोजा.

मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ आणि तुमच्यावर हात उठत असेल तर १८१, हे दोन क्रमांक फोनमध्ये आजच घालून ठेवा. बैठकीत काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू. तोवर नमस्कार.